उशाखालचं लोखंड

१

साधी चप्पल घ्यायची म्हटली तरी योगराज गोंदियाच्या बाजारातली निम्मी दुकानं पालथी घालायचा. मग कमरेला लावायच्या चाकूसाठी त्याने सगळा पावसाळा घालवला, यात नवल नव्हतं. बायको पोटुशी, आणि हा मोबाईलवर चाकू बघत बसलेला. हर्षा म्हणायची, "मले पाहाले आले होते तवा तरी एवढं निरखून पाह्यलं होतं का तुमी?" तो हसायचा आणि पुढचा चाकू उघडायचा.

चाकू कामासाठीच हवा होता. दरेकसाच्या डोंगरात, धबधब्याच्या अलीकडे, चंद्रकुमार नावाच्या गोंदियाच्या माणसाने तंबूंचा कॅम्प टाकला होता आणि योगराज तिथे सगळं बघायचा. थंडीत नागपूर-रायपूरकडची माणसं यायची. त्यांच्यासमोर बांबूचे खुंटे तासायचे, चूल पेटवायला लाकडाचे छिलके काढायचे, दोर कापायचे, वेळ पडली तर कांदाही चिरायचा. चंद्रकुमार म्हणाला होता, "देख योगराज, कोयता दिखाया तो गेस्ट लोक घाबरतात. कमरेला लटकणारी एक ढंग की चीज घे. एकच, पण सब काम होना उससे."

घडीचा चाकू योगराजने आधीच बाद केला होता. त्याच्या सांध्यात चिखल बसतो आणि जोर लावला की नेमका बोटांवर मिटतो. कोयता जड. घरातली सुरी पातळ, बांबूवर ठोकली की वाकते. म्हणजे न मिटणारं पातं हवं; तळहाताएवढं लांब, पाठीला जाड, आणि तेच पोलाद मुठीतून आरपार गेलेलं. स्टेनलेसचं दिसायला छान, पण जंगलात धार गेली की दगडावर घासून लवकर परत येत नाही. साधं पोलाद गंजतं, पण रोज तेलाचं बोट फिरवलं की भागतं. हे सगळं तो जेवताना आईला समजावून सांगायचा. धुरपताबाई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "एवढ्यात तं तू बीए झाला असता बापू."

शेवटी मोबाईलवरचा एकही चाकू त्याच्या मनास आला नाही. सागाच्या फळीच्या तुकड्यातून त्याने हव्या त्या मापाचा लाकडी चाकू तासला, हातात धरून पाहिला, पुन्हा तासला. तो नमुना घेऊन सालेकसा रस्त्यावरच्या भैयाजी लोहाराकडे गेला. भैयाजींनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून हुबेहूब तसाच चाकू घडवायला घेतला. म्यान मात्र योगराजने स्वतः शिवलं. जाड चामडं गोंदियात बॅगा दुरुस्त करणाऱ्या केवलरामकडून आणलं. धारेने शिवण कापली जाऊ नये म्हणून कडेने आतून पट्टी घातली, तळाशी पाणी निथळायला मुगाएवढं छिद्र ठेवलं, वर मुठीला धरून ठेवणारं टिचकीचं बटन. असं चामडं भिजवून चाकूवरच आवळून वाळवावं लागतं, म्हणजे ते त्याचाच आकार घेतं. भैयाजींचं काम रेंगाळलं होतं आणि योगराजला दम निघत नव्हता. त्याने ते लाकडी नमुन्यावरच आवळलं.

खरा चाकू आला तोवर म्यान वाळून कडक झालं होतं. चाकू आत गेला, तळाला टेकला, बटन टिचकलं. इतकं चोख बसलं की तो दिवसभर उगाच काढ-घाल करत राहिला. लाकडी नमुना त्याने सांदीला टाकून दिला.

२

दिवाळी सरली, गावोगावी मंडईच्या जत्रा भरू लागल्या आणि हर्षा बाळंत झाली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. दवाखान्यातून जीप दारात आली तेव्हा धुरपताबाईने आतली खोली सारवून ठेवली होती. एक खिडकी, एक खाट, खाटेखाली शेगडी, आणि ओव्याच्या धुरीचा वास. हर्षाला आत नेऊन निजवलं. बाळ योगराजच्या हातात, पडवीतच.

"लोखंड आन," धुरपताबाई म्हणाली.

योगराजला तर आयती संधीच मिळाली. एका हाताने बाळ सांभाळत त्याने कमरेचा चाकू म्यानासकट सोडला आणि पुढे केला. धुरपताबाईने तो घेतला, पण उशाखाली ठेवला नाही. तशीच खाटेपाशी उभी राहिली.

"ठेव नं."

"थांब. लेकरू अंदर येऊ दे पयले."

तो बाळ घेऊन उंबरठ्याच्या आत आला. तिने एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा त्याच्या हाताकडे. "माय अंदर, लेकरू अंदर. हं, आता ठेवते."

"काऊन? आधी ठेवलं असतं तं का झालं असतं?"

"लोखंड ठेवलं की दार लागलं समज. मंग अंदरचं अंदर, बाहेरचं बाहेर." मग तिचं लक्ष म्यानाकडे गेलं. "आन याले कपडे कायले घातले? उघडं ठेव."

"आई, मुन्न्याले लागन नं."

"मले बी भेव वाटते," हर्षा खाटेवरून म्हणाली.

सून आणि मुलगा एक झाले की धुरपताबाई वाद घालत नसे. तिने म्यान तसंच सरकवलं, पण बटन उघडं ठेवलं. "सव्वा महिना हे हालवाचं नाही. बदलाचं बी नाही. जे ठेवलं थेच."

बाळाला तोवर नाव नव्हतं, सगळे मुन्नाच म्हणत. रडायचा मोठा मजेशीर. रडणं ओसरत आलं की शेवटी एक उचकी लागायची, हिक्, आणि मग तो गप्प. धुरपताबाईला त्या उचकीचं भारी कौतुक. "बापावर गेला. हा बी अस्साच रडे," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. योगराजला हे ऐकून लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. आपलं काहीतरी या एवढ्याशा जिवात उतरलं आहे, ही गोष्ट त्याला कामावर जाता-येता आठवत राही.

३

कॅम्प भरला तसा घोळ सुरू झाला. योगराज कोयता घेऊन गेला आणि चंद्रकुमारने कपाळाला हात लावला. "अरे, थो चाकू कुठं हाय? मी फोटो टाकला नं त्याचा! लोग वही देखने आ रहे हैं."

खरं सांगायचं तर योगराजलाही कंबर रिकामी रिकामी वाटत होती. उशाखाली कोणतंही लोखंड चालेल, विळा ठेव म्हणून त्याने आईला विचारून पाहिलं. "जे ठेवलं थेच," धुरपताबाई म्हणाली.

तेव्हा त्याला सांदीतला लाकडी नमुना आठवला. त्याची मूठ त्याने तेल-काजळीने खऱ्या चाकूसारखी काळपट केली. सकाळी हर्षा न्हाणीत आणि आई तिच्या पाठीवर पाणी ओतत असताना तो खोलीत शिरला. मुन्ना खाटेवर झोपला होता. योगराजने उशाखालून म्यान काढलं, खरा चाकू उपसला आणि लाकडी आत सारला. तो जास्तच सहज गेला. चामडं त्याच्यावरच वाळलेलं, त्यात काय विशेष! त्याने म्यान परत ठेवलं आणि निघाला. खऱ्या चाकूसाठी त्याने पाण्याच्या पाईपचा तुकडा विस्तवावर मऊ करून, चेपून एक कामचलाऊ म्यान केलं होतं.

दारातून वळून पाहिलं तर मुन्नाचे डोळे उघडे होते. तो रडत नव्हता. एवढ्या लहान बाळाला काही दिसत नसतं, हे योगराजला ठाऊक होतं.

धुरपताबाई रोज दिवेलागणीला उशाखाली हात घालून मूठ चाचपायची आणि हात कपाळाला लावायची. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. तिला काही कळलं नाही. दोन-चार दिवसांत कॅम्प ओसरला की बदलून टाकू, असं योगराजने ठरवलं. पण कॅम्प काही ओसरेना आणि पाहुणे चाकूची तारीफ करता थकेनात.

४

पहिली गोष्ट लक्षात आली ती हर्षाच्या. उशीची खोळ ओली होत होती.

"इथं पाहा बरं," ती योगराजला म्हणाली. "रोज एकाच जागी."

त्याने उशी उचलली. म्यानाच्या तळाचं छिद्र जिथे टेकत होतं, तिथेच रुपयाएवढा डाग होता. त्याने छिद्राला बोट लावलं. ओलं. बोट नाकाशी नेलं. दूध.

"मुन्न्यानं टाकलं असन," तो म्हणाला.

"टाकाले प्याव तं लागते," हर्षा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मुन्ना प्यायचाच नाही. तोंड लावायचा, ओढायचा आणि सोडून रडायचा. आणि ती उचकीही आता बारीक झाली होती. "मले दूध येत नाही असं नाही. डोळा लागतो तवा भरून आलं असते. उठतो तं काहीच नाही. कोनी आधीच पेऊन गेल्यावानी."

"झोपेत पाजत असशीन."

"थो तुमच्या आईजवळ असते दुपारी. पडवीत."

 बाळंतिणीला झोप कमी, म्हणून भास होतात, असं योगराजने स्वतःला समजावलं. वजन करायला येणाऱ्या शकुंतलाबाई, गावच्या आशा-सेविका, त्यांनीही तेच म्हटलं. पण काटा बघून त्यांनी पुन्हा बाळाला झोळीत घातलं, पुन्हा काटा पाहिला आणि "दोन दिवसांनी परत येतो, नाई वाढलं तं गोंदियाले न्या," असं सांगून गेल्या.

५

मग धुरपताबाई एका संध्याकाळी म्हणाली, "चाकू वर येऊन राहिला."

 आपली चोरी पकडली गेली असंच योगराजला वाटलं. त्याने बघितलं. मुठीचा जो भाग म्यानात बुडलेला असायचा, तो बोटभर बाहेर आला होता. त्याने दाबला. लाकूड खाली गेलं, पण टक् असं तळाला टेकलं नाही. कशावर तरी थांबलं. त्याने हात काढला, तसं ते हळूच पुन्हा वर आलं.

"शेकानं चामडं आकसलं," तो म्हणाला. खाटेखाली अहोरात्र शेगडी, चामडं आकसणारच. त्याने घाईने म्यान उशाखाली सारलं आणि हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला. हाताला दुधाचा वास येत होता.

त्याच वेळी आईला सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती चार शिव्या घालून मोकळी झाली असती. पण माणूस चुकीला चूक म्हणायच्या आधी तिला हजार नावं देऊन पाहतो. योगराजने तेच केलं. उद्या पाहू म्हणाला.

त्यानंतर त्याला आवाजाची सवय लागली. म्हणजे तो ऐकत बसायचा. घराजवळून मालगाडी धडधडत गेली की मागे जी शांतता पडते, तिच्यात आतल्या खोलीतून कधी टिच असा आवाज यायचा. बटनाचा. हर्षाचा हात लागत असेल. पुन्हा थोड्या वेळाने टिच. हर्षा तर चुलीजवळ बसलेली असायची.

६

त्या दिवशी दुपारी पाहुण्यांना गाडीत बसवून योगराज लवकर घरी आला. पडवीत ऊन होतं. धुरपताबाई पाय पसरून बसली होती आणि मुन्ना तिच्या पायांवर. ती त्याला तेल लावत होती. बाळाच्या बरगड्या दिसत होत्या. तो रडत होता, पण ते रडणं जवळ जाईपर्यंत ऐकूही आलं नसतं.

"हर्षा झोपली हाय. उठवू नोको," ती म्हणाली. "आन संध्याकाळी गोंदियाले जाऊ. मले याचं लक्षण बरं दिसून नाही राह्यलं."

योगराजने खोलीचं दार लोटलं. खिडकीवर चादर टांगलेली, आत मिणमिणता उजेड. हर्षा कुशीवर झोपली होती, केस तोंडावर, चेहरा पांढरा पडलेला. धुरीचा वास. शेगडीतला निखारा. आणि चुटचुट, चुटचुट असा आवाज.

तो दारातच थांबला. मागे वळून पडवीत पाहिलं. मुन्ना आजीच्या पायांवर होता. त्याची मूठ हवेत हलत होती.

खोलीत आवाज चालूच होता. बाळ पिताना करतं तसा, मध्येच श्वास घ्यायला थांबणारा.

उंदीर असेल. नळाचं पाणी ठिबकत असेल. योगराज पुढे झाला आणि त्याच्या पायाला काहीतरी लागलं. खाली वाकून उचललं तर तो लाकडी चाकू. एकटाच, म्यानाबाहेर पडलेला. त्याचं टोक पांढरं फटक झालं होतं आणि फुगलं होतं. दातांची खूण कुठेच नव्हती. नुसतं चोखलेलं होतं.

त्याने उशी उचलली. हर्षा जागी झाली नाही, पण आवाज थांबला.

म्यान बंद होतं. बटन लागलेलं. ते त्याने हातात घेतलं आणि त्याचा हात खाली गेला, इतकं ते जड होतं. चामडं कोमट होतं. शिवणी ताणल्या होत्या. बोट बटनाखाली घालावं की नाही, हे ठरवायच्या आत ते घातलं गेलं होतं. टिच.

त्याने उजेडाकडे धरून आत पाहिलं. फार नाही पाहिलं. म्यानाच्या तोंडाशी काहीतरी फिकट, ओलसर होतं आणि त्याच्या मधोमध मऊ जागी कातडी वर-खाली होत होती. नवीन बाळाची टाळू उडते तशी.

 त्याने कमरेचा खरा चाकू उपसला. म्यानात खुपसावा असं एकदा वाटलं, पण हात धजेना. मग आईचं बोलणं डोक्यात आलं, उघडं ठेव, आणि त्याने ते नागडं लोखंड हर्षाच्या उशाखाली घातलं.

त्याच क्षणी डाव्या हातातलं म्यान हलकं झालं. पाहिलं तर रिकामं. कोरडं. चपटं. उलटं करून झाडलं, छिद्रातून खिडकीचा उजेड दिसला. योगराज खाटेच्या कडेला मटकन बसला आणि त्याला रडू कोसळलं. वेळेवर सुचलं, असं त्याला वाटलं. देवाचे किती आभार मानू आणि किती नाही, असं त्याला झालं.

"बापू? काय झालं?" पडवीतून धुरपताबाईने हाक मारली. ती मुन्नाला फडक्यात गुंडाळून उठली आणि खोलीकडे आली. मुन्ना रडत होता. ती उंबरठ्यापाशी आली तेव्हा योगराजच्या मनात काहीतरी लखकन चमकलं. माय अंदर, लेकरू अंदर, मग लोखंड. तो ओरडायला उठला.

"आई, थांब!"

तिने पाय आत टाकला होता. मुन्नाचं रडणं मध्येच तुटलं. उचकी लागलीच नाही.

"घे, झाला चूप," ती म्हणाली. "भुकेला हाय वाटते."

७

मुन्ना त्या दुपारी पोटभर प्यायला. हर्षाला जाग आली ती त्याच्या ओढण्याने. ती हसली, रडली, सासूचे पाय धरायला निघाली. गोंदियाला जायचं रद्द झालं. शकुंतलाबाई दोन दिवसांनी आल्या आणि काटा बघून म्हणाल्या, "वा रे पठ्ठ्या!" बरगड्या भरून आल्या, गालांना खळ्या पडल्या. धुरपताबाईने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली.

उशाखालचा उघडा चाकू तिने पाहिला. एकदा योगराजला विचारलं, "हे कवा उघडं केलं तू?"

"केलं एक दिवस."

"लेकरू अंदर होतं नं तवा?"

"हो."

ही एक थाप त्याने आयुष्यात सगळ्यात चटकन मारली.

मुन्ना आता रडायचाही खणखणीत. रडायचा, आणि थांबायचा. मध्ये काही नाही. "उचकी गेली याची," धुरपताबाई म्हणाली. "मोठा होऊन राह्यला." योगराज त्याला मांडीवर घ्यायचा तेव्हा बाळ त्याच्याकडे शांतपणे बघत राही. अंगाला तेलाचा वास, पावडरचा वास, आणि जावळात नाक घातलं की नवीन चामड्याचा. त्याचं वजन मांडीवर पडलं की योगराजचा डावा हात आपोआप ते ओळखायचा.

आणि पडवीत रडणं ऐकू यायचं.

पहिल्यांदा त्याला मांजर वाटलं. मग वाटलं, जवळच्या स्टेशनात थांबणाऱ्या गाडीचे ब्रेक. दुपारी ऊन पडवीत येई तेव्हा, जिथे धुरपताबाई पाय पसरून बसायची तिथून, उंबरठ्याच्या बाहेरून ते यायचं. बारीक. खूप वेळ. आणि शेवटी, हिक्.

"आई, आयकलं का?"

"का?"

"पडवीत."

धुरपताबाईने कान दिला. तिच्या चेहऱ्यावरून क्षणभर काहीतरी गेलं आणि मग तिने आत, खाटेवरच्या गुटगुटीत नातवाकडे पाहिलं. "मांजर हाय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दार लावल्यावर रडणं दाराशी आलं. रोज थोडं खालून, थोडं हळू. सव्वा महिना भरायला अजून दिवस होते. तोवर ते टिकणार नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. योगराजनेच त्याला बाहेर ठेवलं होतं आणि स्वतःच्या हाताने कडी घातली होती.

८

सगळे जेवायला बसले असताना एका दुपारी तो खोलीत गेला. बाळ खाटेवर जागं होतं. योगराजने उशाखाली हात घातला. मूठ हाताला लागली.

"काऊन?" मागून हर्षा म्हणाली. ती दारात उभी होती, हात उष्टा. "हालवू नोका तो. आईनं सांगतलं नं."

"एकच मिनिट."

"नाई." तिने येऊन त्याचं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. "आता कुठं पेऊन राह्यला तो. माह्यं लेकरू आता कुठं भरून आलं. तुमच्या पाया पडतो, हालवू नोका."

तिच्या डोळ्यांत त्याने पाहिलं आणि त्याला कळलं, रडणं तिलाही ऐकू येत होतं. ऐकू येत होतं आणि तिने या बाळाकडे तोंड केलं होतं.

योगराजने चाकू उपसला.

काही झालं नाही. दार आपोआप उघडलं नाही, निखारा विझला नाही. फक्त पडवीतलं रडणं थांबलं. मग ते उंबरठ्यावर ऐकू आलं. मग खोलीत, जमिनीलगत. ते खाटेपाशी आलं. खाटेवरच्या बाळाने मान वळवून खाली पाहिलं आणि मग योगराजकडे पाहिलं. रडणं खाटेभोवती फिरलं, जागा शोधल्यासारखं, आणि मागे सरकलं. भिंतीकडे गेलं. भिंतीला खुंटीवर रिकामं म्यान टांगलेलं होतं.

खुंटी करकरली.

हर्षाने दोन्ही हात कानांवर ठेवले. बाहेरून धुरपताबाई विचारत होती, "जेवत नाही का रे तुमी?"

९

सव्वा महिना भरला. बारसं थाटात झालं. बाळाचं नाव चंद्रकुमारने सुचवलेलं, शहरी, योगराजच्या तोंडात ते अजून बसत नाही. पोरगा दिसामासाने वाढतो आहे. हर्षा त्याला क्षणभर खाली ठेवत नाही. योगराजशी ती बोलते, पण त्याच्या कमरेकडे बघत नाही. चाकू चुलीजवळ असतो. धुरपताबाई त्याने वांगी चिरते आणि म्हणते, चांगलं पोलाद आहे.

कॅम्पवर योगराज म्यान लावून जातो. पाहुण्यांसमोर खुंटे तासायला त्याने दुसरा चाकू घेतला, बाजारात जो पहिला हाताला लागला तो, आणि तो पाईपच्या म्यानात दुसऱ्या बाजूला असतो. परवा रायपूरच्या एक बाई हसून म्हणाल्या, "भैया, इतना सुंदर म्यान, और इसमें कुछ रखते नहीं?"

"अंदर जागा नाही, ताई," तो म्हणाला.

बटन तो कधी लावत नाही. बसताना ती बाजू वर ठेवतो, आगीपासून लांब बसतो. दुपारी पाहुणे धबधब्याकडे गेले की एका दगडाआड जाऊन खिशातून बाटली काढतो आणि शेळीच्या दुधात बुडवलेला कापसाचा बोळा म्यानाच्या तोंडाशी धरतो. सुरुवातीला पुष्कळ जायचं. आता बरंचसं तळाच्या छिद्रातून खाली गळतं. तो ते फडक्याने पुसतो आणि थोडा वेळ तसाच थांबतो. पूर्वी उचकी चालतानाही जाणवायची. आजकाल म्यान कानाशी न्यावं लागतं.